आजारी लेकरू, दमलेले पालक आणि हात झटकणारी व्यवस्था



वस्तीतल्या आरोग्य शिबिरात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, शाळेच्या कार्यालयात एक वाक्य आम्ही नेहमी ऐकतो : “आई-वडिलांचेच लक्ष नाही.” मूल महिन्यातून आठ दिवस शाळेत नसते, औषध मध्येच बंद पडते, तपासणीची तारीख चुकते, की हे वाक्य ठरलेले. बोलणारा मोकळा होतो आणि सगळा दोष मजुरी करणाऱ्या आईच्या पदरात पडतो. आजारी मुलाचे पालक खरोखर बेफिकीर असतात का, की त्यांच्या मदतीसाठी उभी केलेली व्यवस्थाच त्यांना अर्ध्या वाटेवर सोडून देते, हे या लेखात तपासून पाहू. त्यासाठी आम्ही विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना चांगलाच ओळखीचा आजार घेतला आहे : सिकलसेल.

आजार नीट समजून घेऊ

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांतले हिमोग्लोबिन प्राणवायू शरीरभर पोहोचवते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या घडणीतच फरक असतो. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली, ताप आला किंवा प्राणवायू कमी पडला, की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य दुखणे उठते. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

हा आजार संसर्गाने होत नाही. तो आई आणि वडील अशा दोघांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल ‘एएस’ म्हणजे वाहक होते. त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर मूल ‘एसएस’ म्हणजे रुग्ण होते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. म्हणून ‘सुनेने आजार आणला’ हे बोलणे विज्ञानाच्या कसोटीवर खोटे आहे. आई आणि वडील अशा दोघांकडून दोष आल्याशिवाय ‘एसएस’ मूल जन्मत नाही.

या आजाराचा मागच्या जन्मीच्या पापाशी, शापाशी किंवा कुळाच्या हीनतेशी काहीही संबंध नाही. मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांत सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत होते. म्हणून हा गुणधर्म आफ्रिकेत, अरबस्तानात आणि मध्य भारतात पिढ्यान्‌पिढ्या टिकला. विदर्भात तो आदिवासी समाजात, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि कुणबी, तेली अशा इतर समाजांतही आढळतो.

1910 मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि 1958 मध्ये नागपूर भागात या आजाराची नोंद झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सिकलसेलला स्थान मिळाले ते 2016 मध्ये. राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले ते 1 जुलै 2023 रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून. नागपूरच्या नोंदीपासून राष्ट्रीय अभियानापर्यंत 65 वर्षे गेली. एवढ्या काळात किती माता आपली लेकरे ‘कावीळ झाली’, ‘नजर लागली’, ‘हाडात वात शिरला’ असे समजून गमावून बसल्या असतील!

व्यवस्था कुठे कुठे हात सोडते

*एक : तपासणी होते, पाठपुरावा होत नाही.* 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासावे, दोष आढळला तर पुढच्या रुग्णालयात पाठवावे, अशी रचना आहे. सिकलसेलसाठी आधी बोटातल्या थेंबाची साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त ‘दोष आहे’ एवढेच सांगते. मूल वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. तो दुसरा अहवाल घरी पोहोचत नाही, ही आमच्याकडे येणाऱ्या पालकांची सर्वांत मोठी तक्रार आहे. नमुना गेला, आकडा नोंदवला गेला, उद्दिष्ट पूर्ण झाले. आईच्या हातात कागद मात्र आला नाही. मग मुलाला ताप आला की ती गल्लीतल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेऊन येते, कारण हा ताप वेगळा आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

*दोन : आपली वस्ती नकाशाबाहेर राहते.* राष्ट्रीय अभियानाची आखणी आदिवासी भाग समोर ठेवून केली आहे. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. आदिवासी बांधवांवर या आजाराचा मोठा भार आहे आणि त्यांना प्राधान्य मिळालेच पाहिजे. पण शहरातल्या झोपडपट्टीत राहणारे बौद्ध मूल, किंवा आदिवासी क्षेत्राबाहेरच्या गावातले मूल, त्याच दुखण्याने तळमळत असते. योजनेची आखणी रक्ताच्या अहवालावरून व्हावी आणि आदिवासी व दलित या दोन वंचित समूहांना एकमेकांसमोर उभे न करता दोघांची गरज भागवावी, अशी आपली मागणी असली पाहिजे.

*तीन : उपचार मोफत, पण दिवस मोफत नाही.* महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचाराला आधार मिळतो. पण सिकलसेलच्या मुलाला वर्षभर बाह्यरुग्ण विभागाच्या चकरा माराव्या लागतात. समजा, महिन्यातून दोनदा औषध आणि रक्ततपासणीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. वर्षाचे 24 दिवस झाले. वर्षातून तीनदा मूल पाच-पाच दिवस भरती राहिले, तर आणखी 15 दिवस. म्हणजे एका पालकाची 39 दिवसांची मजुरी बुडाली. प्रवास, चहा-नाश्ता आणि घरी ठेवलेल्या धाकट्याची सोय वेगळीच. त्यात औषधखिडकीवर “हायड्रॉक्सीयुरिया संपले, पुढच्या आठवड्यात या” असे उत्तर मिळाले तर आणखी एक दिवस गेला. अशा वेळी तारीख चुकते, त्यामागे हे गणित असते. फाईलवर मात्र ‘पालक अनियमित’ असा शेरा पडतो.

*चार : शाळेला दुखणे दिसत नाही.* हे दुखणे येते आणि जाते. काल कण्हणारे मूल आज मैदानात दिसते, म्हणून गुरुजींना ते नाटक वाटते. तहान लागली तरी तासाला पाणी प्यायला सोडत नाहीत, थंडीत पहाटेच्या कवायतीला उभे करतात. शाळेत आठवड्याला वाटली जाणारी लोहाची गोळी सरसकट या मुलालाही दिली जाते. खरे तर सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः वारंवार रक्त घेणाऱ्याला, लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देऊ नये. वसतिगृहातल्या मुलाची स्थिती अधिक बिकट. रात्री ताप चढला तर निर्णय घेणारे कोणी जागेवर नसते.

*पाच : मदत मागणाऱ्यालाच ‘अपात्र’ ठरवण्याची भीती.* हा मुद्दा कायद्याचा आहे, म्हणून थोडा विस्ताराने पाहू.

कायदा काय म्हणतो

बाल न्याय अधिनियम 2015 नुसार प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार या समितीला आहे. अशा मुलाच्या व्याख्येत असाध्य आजाराने ग्रस्त किंवा दिव्यांग मूल येते. पण त्याला एक अट जोडलेली आहे : त्याला सांभाळणारे कोणी नसावे, किंवा त्याचे पालक सांभाळण्यास अयोग्य आहेत असे ठरावे.

इथेच मेख आहे. आई आहे, तिची माया आहे, तिला मूल सांभाळायचे आहे, फक्त हात अपुरे आहेत, अशा घरासाठी या व्याख्येत सरळ दरवाजा नाही. मदत मागायला गेलेल्या आईला वाटते की आपण ‘झेपत नाही’ म्हटले तर मूल काढून घेतील. ती गप्प बसते. काही पालक तर हतबल होऊन मूल रुग्णालयात सोडून निघून जातात आणि मग सगळे त्यांना निर्दयी म्हणतात.

प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला दरमहा मदत देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम 45 मध्ये आहे. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आई. नातेवाइकांकडे राहणारे अनाथ मूल. जीवघेण्या आजाराने ग्रासलेले पालक. अपघाताने असमर्थ झालेले पालक, असे निकष तिथे नोंदवले आहेत. पालकाचा आजार यादीत आहे, मुलाचा नाही. मात्र कायद्याने ही यादी बंद केलेली नाही. 2022 च्या मिशन वात्सल्य मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग बालकाचा उल्लेख आहे आणि मदतीची रक्कम दरमहा 4,000 रुपये आहे. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये आहे. 72,000 म्हणजे महिन्याला 6,000. नवरा-बायको दोघे नियमित मजुरीला गेले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. आजारी मुलासाठी जास्त कष्ट करावेत तर मदतीतून नाव कटावे, असा हा उलटा न्याय आहे.

कायद्याची दुसरी बाजूही आपल्याला माहीत हवी, कारण ती आपल्या बाजूची आहे. याच अधिनियमाच्या कलम 3 मध्ये तत्त्वे सांगितली आहेत : मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. स्वतःहून मूल समर्पित करणाऱ्या पालकांनाही फेरविचारासाठी दोन महिने द्यावे लागतात आणि त्यांचे समुपदेशन करावे लागते. 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की, केवळ गरिबी हे मूल पालकांपासून दूर करण्याचे एकमेव कारण असू शकत नाही. गरिबी दिसली तर कुटुंबाला आधार द्यावा, असा त्याचा अर्थ.

धम्म आणि बाबासाहेब यांची दिशा

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो इतरांसाठी काही करीत नसे, म्हणून त्याची कोणी शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी त्याला स्वच्छ करून मंचावर निजवले. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी संघाला एकत्र बोलावले आणि आजाऱ्याची जबाबदारी कोणाची हे क्रमाने ठरवून दिले : उपाध्याय असेल तर त्याची, आचार्य असेल तर त्याची, शिष्य असेल तर त्याची आणि कोणीच नसेल तर संपूर्ण संघाची. ती टाळणे हा दोष मानला गेला. करुणा एखाद्याच्या लहरीवर सोडली नाही, तिला नियमाचे रूप दिले. आज मुलाच्या फाईलवर आशाताईचे, डॉक्टरचे, शिक्षकाचे आणि समितीचे नाव असते; जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नसते.

बाबासाहेबांनी हाच विचार कायदेमंडळात मांडला. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित असल्याचे सांगून, त्या खर्चाचा भार एकट्या स्त्रीवर टाकण्याला विरोध केला. त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्यांनी आणि माता रमाईंनी गमावली. राजरत्न 1926 मध्ये गेला. ‘रमाईचे लक्ष नव्हते’ असे म्हणायला कोणाची जीभ धजेल काय? मग आपल्या वस्तीतल्या आईबद्दल ते आपण इतक्या सहज कसे म्हणतो?

पालकांसाठी : लगेच दवाखाना केव्हा?

‘एसएस’ मुलाला पुढीलपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

• ताप 101 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त. या मुलांची प्लीहा, म्हणजे पानथरी, लवकर निकामी होते. त्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत जीवघेणा ठरू शकतो.
• छातीत दुखणे, धाप लागणे.
• अचानक पांढरे पडणे, गळून जाणे आणि पोटाची डावी बाजू फुगणे. प्लीहेत रक्त साचल्याची ही खूण असू शकते.
• तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, झटका येणे.
• सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या हाता-पायांवर दुखरी सूज.
• घरी पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी देऊनही न थांबणारे दुखणे.

रोजची काळजी : भरपूर पाणी, थंडीत उबदार कपडे, फोलिक ॲसिडची गोळी, सर्व लसी वेळेवर (न्यूमोकॉकल लस 2021 पासून देशभर नियमित लसीकरणात मोफत आहे). पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन आणि वेदना कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया याबाबत डॉक्टरांना स्वतःहून विचारा. हायड्रॉक्सीयुरिया सुरू असताना ठरलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका आणि ते मनाने बंद करू नका. दुखऱ्या जागी बर्फ लावू नका.

कागद हीच ढाल

1. एक जाड फाईल करा. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा अहवाल पहिल्या पानावर लावा. प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड आणि रक्त दिल्याची नोंद जपा.

2. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी अर्ज करा. तपासणीच्या दिवशी मूल बरे दिसते आणि टक्केवारी कमी लागते. तिथे ही फाईलच बोलते. लाभांसाठी सहसा 40 टक्के दिव्यांगत्व लागते. वाहकाला हे प्रमाणपत्र मिळत नाही.

3. वारंवार रक्त लागणाऱ्या सिकलसेल रुग्णांना रक्त मोफत देण्याचे धोरण आहे. ‘आधी बदली रक्तदाता आणा’ असे म्हटले तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. एसटीतही सिकलसेल रुग्णांना प्रवास सवलत आहे. आगारात चौकशी करा.

4. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे प्रायोजकत्वासाठी अर्ज करा. एकल पालक किंवा गंभीर आजारी पालक असतील तर क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेसाठीही अर्ज करा. तिची मदत दरमहा 2,250 रुपये आहे. अर्जात ‘आम्ही मूल सांभाळू शकत नाही’ असे लिहू नका. ‘मूल घरीच ठेवायचे आहे, त्यासाठी साहाय्य हवे’ असे स्पष्ट लिहा. पोच घ्या.

5. शाळेला डॉक्टरांचे पत्र द्या : पाणी आणि लघवीला मोकळीक, थंडीत कवायतीतून सूट, लोहाच्या गोळीबाबत सूचना, तापाच्या वेळी कोणाला फोन करायचा. परीक्षेत जादा वेळेची मागणी वर्षाच्या सुरुवातीलाच करा.

6. मूल संकटात असेल आणि कोणी दाद देत नसेल तर 1098 या मोफत क्रमांकावर फोन करा.

विहाराने काय करावे

एकट्या आईने हे सगळे करायचे म्हटले तर पुन्हा भार तिच्यावरच. म्हणून विहार समिती, महिला मंडळ आणि युवक मंडळ यांनी कामे वाटून घ्यावीत. वस्तीतल्या प्रत्येक ‘एसएस’ मुलामागे दोन साथीदार ठरवावेत : एक दवाखान्यात सोबत जाणारा, एक कागदपत्रे पाहणारा. रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा अर्ज भरण्यासाठी बसावे. युवकांनी रक्तदात्यांची यादी रक्तगटासह तयार ठेवावी. ‘दुसरा अहवाल मिळाला नाही’ अशा मुलांची यादी करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना एकत्र निवेदन द्यावे. एका आईला परत पाठवणे सोपे असते, तीस सह्या परत पाठवणे कठीण असते.

आपण लग्नात पत्रिका पाहत नाही. त्या जागी रक्ताचा अहवाल पाहण्याची रीत रुजवू. वधू-वर परिचय मेळाव्याआधीच मुला-मुलींनी तपासणी करून घ्यावी. पण अहवाल ही खासगी बाब आहे. तो व्यासपीठावरून वाचून दाखवू नये. वाहकाने लग्न करू नये असे मुळीच नाही. दोन वाहकांनी पुढची शक्यता समजून, समुपदेशन घेऊन निर्णय करावा, एवढेच.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या वस्तीत ‘एसएस’ मुले किती आहेत? त्यांपैकी किती जणांकडे पक्का अहवाल आहे?
2. औषध बंद पडलेल्या एखाद्या घरी जाऊन कारण विचारा. पालकांचे दुर्लक्ष आढळले की बुडणारी मजुरी, अंतर आणि न मिळणारे औषध?
3. महावग्गातल्या प्रसंगाप्रमाणे जबाबदारीचा क्रम लावला, तर आपल्या वस्तीतल्या आजारी मुलासाठी पहिले नाव कोणाचे आणि शेवटचे कोणाचे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर नावानिशी लिहा आणि तो कागद विहारात लावा. पुढच्या वेळी कोणी ‘आई-वडिलांचेच लक्ष नाही’ म्हणाले, तर आधी त्या यादीतल्या नावांना विचारू : तुमचे लक्ष होते का?

जय भीम! नमो बुद्धाय!